गाडी दारात, कागद अधांतरी!
वाहनकर्ज घेणाऱ्या व्यापारी-कारागिरांनी काय पाहावे?

आजच्या काळात व्यापाऱ्याला आणि कारागिराला स्वतःची गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. आमच्या सोनईचेच उदाहरण घ्या. नेवासा तालुक्यातील हे गाव मुळा सहकारी साखर कारखान्यामुळे वाढले. एका अंगाला राहुरी, दुसऱ्या अंगाला घोडेगाव आणि नगर-संभाजीनगर महामार्ग, आणि हाकेच्या अंतरावर शनिशिंगणापूर. कापडवाला आठवडे बाजार करतो, बागवान फळे आणतो, गादीवाला गावोगाव फिरतो, फॅब्रिकेशनवाला दरवाजे-खिडक्या पोहोचवतो. या प्रत्येकाला छोटा टेम्पो किंवा पिकअप लागतो. ज्याचा धंदा बरा चालतो तो कुटुंबासाठी सात आसनी गाडीही घेतो, आणि रिकाम्या दिवशी तीच गाडी भाड्याने देतो.

यातील फार थोड्या गाड्या रोखीने घेतल्या जातात. बहुतेक गाड्या हप्त्याने येतात. शोरूममध्ये चावी हातात पडते, हार घातला जातो, पेढे वाटले जातात, आणि आपण समजतो की व्यवहार पुरा झाला. खरी अडचण पुष्कळदा त्यानंतर सुरू होते. कर्ज मंजूरच झाले नव्हते, व्याजाचा दर वेगळाच निघाला, पासिंग अडकले, जुन्या गाडीचे कर्ज कोणी फेडलेच नाही, अशा तक्रारी ऐकू येतात. यात फसवणूक नेहमीच असते असे नाही. अनेकदा तो व्यवहाराच्या रचनेतील घोळ असतो, म्हणून ती रचना आधी नीट समजून घ्यावी.

एक गाडी, दोन करार

हप्त्याने गाडी घेताना तीन पक्ष असतात: ग्राहक, शोरूमवाला आणि फायनान्सवाला. शोरूममध्ये फायनान्स कंपनीचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो, त्यामुळे दोघे एकच आहेत असे वाटते. कायद्याने ते दोन निराळे पक्ष आहेत आणि आपले करारही दोन आहेत. गाडीच्या खरेदीचा करार शोरूमशी, आणि कर्जाचा करार बँकेशी किंवा फायनान्स कंपनीशी.

व्यवहाराचा योग्य क्रम असा असतो. शोरूम कोटेशन देते. त्यावरून फायनान्सवाला आपले उत्पन्न, जुनी कर्जे आणि जामीनदार तपासून कर्ज मंजूर करतो. मग तो शोरूमच्या नावे डिलिव्हरी ऑर्डर काढतो. बाजारात तिला ‘डीओ’ म्हणतात. आपण मार्जिनची रक्कम भरतो, विमा उतरतो, बिल बनते, पासिंगचा अर्ज जातो. त्यात फॉर्म २० हा नोंदणीचा अर्ज, फॉर्म २१ हा विक्रीचा दाखला आणि फॉर्म २२ हा गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला. कर्ज असेल तर फॉर्म ३४ भरून नोंदणी पुस्तकावर फायनान्सवाल्याचे नाव चढते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ खाली ही नोंद होते. कर्जाची रक्कम फायनान्सवाला थेट शोरूमला देतो. ती आपल्या हातात येत नाही, पण कर्जदार आपणच असतो.

हा क्रम पाळला तर घोटाळ्याला जागा कमी राहते. क्रम उलटला की गाडी पुढे जाते आणि कागद मागे राहतो.

पहिली अडचण: ताबा मिळाला, पण कर्ज पक्के नव्हते

दसरा, पाडवा, ईद अशा दिवसांत शोरूममध्ये गर्दी असते. विक्रेत्याला त्या महिन्याचा आकडा गाठायचा असतो. तो म्हणतो, “शेठ, गाडी घेऊन जा, डीओ उद्या येतोच.” आपण मार्जिन भरतो आणि गाडी आणतो. आठ-दहा दिवसांनी फोन येतो की उत्पन्नाचे कागद अपुरे आहेत, किंवा जुन्या कर्जाची नोंद खराब निघाली, किंवा घर वडिलांच्या नावावर असल्याने आणखी एक जामीनदार लागेल. कधी कळते की सात लाखांऐवजी पाचच लाख मंजूर झाले, वरचे दोन लाख रोख भरा. नाही तर गाडी परत आणा, आणि वापरल्याबद्दल कापून उरलेले घ्या.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत लोक चाकांवरचे घर म्हणावे अशी मोठी सहलीची गाडी लांब मुदतीच्या कर्जावर घेतात. तेथे डीलर स्वतःच हप्त्याचा करार करतो आणि मागाहून तो एखाद्या बँकेला विकतो. बँकेने तो घेतला नाही, तर ग्राहकाला परत बोलावून जास्त दराच्या करारावर सही मागितली जाते. दोऱ्यावर खाली-वर होणाऱ्या खेळण्यावरून तेथे याला ‘योयो’ फायनान्स असे नाव पडले आहे. डीलरांच्या फसव्या पद्धतींना आळा घालण्यासाठी तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये नवा नियम काढला होता, परंतु जानेवारी २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो रद्द केला. सांगायचे असे की मोठ्या देशातही ग्राहकाला शेवटी आपल्या कागदावरच उभे राहावे लागते.

आपल्याकडे कायद्याची स्थिती काय आहे? मालविक्री कायदा १९३० प्रमाणे विक्रेत्याने माल रीतसर ग्राहकाच्या ताब्यात दिला की न मिळालेल्या किमतीसाठी माल अडवून धरण्याचा त्याचा हक्क संपतो. किंमत वसूल करण्याचा त्याचा हक्क मात्र कायम राहतो, त्यासाठी तो दावा लावू शकतो. तेव्हा शोरूमवाला माणसे पाठवून गाडी उचलू शकत नाही, पण “गाडी माझ्या दारात आहे, आता तो काय करणार” असे समजून ग्राहकानेही स्वस्थ बसू नये. बिलावर किंवा बुकिंगच्या फॉर्मवर “पूर्ण किंमत मिळेपर्यंत मालकी आमची” अशी ओळ असेल तर बाजू आणखी बदलते. म्हणून तो फॉर्म मागून-पुढून वाचावा.

यावर उपाय तीन. एक, मंजुरीचे पत्र आणि डीओची प्रत हातात आल्याशिवाय गाडी हलवू नये. दोन, बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्यावे की कर्ज मंजूर झाले नाही तर बुकिंगची आणि मार्जिनची रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल. तीन, तरीही घोळ झालाच तर तोंडी बोलणी न करता पत्र द्यावे, दुसऱ्या बँकेकडे लगेच अर्ज करावा, आणि गाडी परत करायची वेळ आली तर किलोमीटर, गाडीची स्थिती व परत मिळणारी रक्कम लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्यावरच चावी द्यावी.

दुसरी अडचण: पासिंग अडकले

शोरूमला पैसे पोहोचले नाहीत, किंवा फायनान्सवाल्याचा एखादा कागद राहिला, की पासिंग थांबते. ग्राहक तात्पुरत्या नंबरवर गाडी चालवतो. त्याची मुदत संपते, पण बाजार चुकवायचा नसतो म्हणून गाडी चालूच राहते. येथे फार मोठा धोका आहे, आणि तो दंडाच्या पावतीपुरता नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावेत. पहिला नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स, सन २०१४. पिकअप गाडीची तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ रोजी संपली. २ फेब्रुवारीला गाडीला अपघात झाला. विमा चालू होता, तरी विनानोंदणी गाडी रस्त्यावर आणणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे असे सांगून न्यायालयाने भरपाई नाकारली. दुसरा युनायटेड इंडिया विरुद्ध सुशीलकुमार गोदारा, सन २०२१. नव्या बोलेरोची तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ रोजी संपली आणि नऊ दिवसांनी ती जोधपूरला चोरीस गेली. येथेही विम्याचा पैसा मिळाला नाही.

अशा वेळी कर्ज मात्र माफ होत नाही. गाडी गेली, विमा गेला आणि हप्ते उरले, अशी गत होते. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात अशी तरतूद आली की त्याच राज्यात नोंदवायच्या नव्या गाडीचा अर्ज डीलरनेच करावा आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ग्राहकाला देऊ नये. म्हणून तयार गाडी नंबरप्लेटसह मागणे हा आपला हक्क आहे. चेसिस घेऊन बॉडी बांधायची असेल तर तात्पुरत्या नोंदणीची शेवटची तारीख दुकानातील कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी, आणि त्या तारखेनंतर पासिंग होईपर्यंत गाडी जागची हलवू नये.

तिसरी अडचण: दर एक सांगितला, कागदावर दुसरा

शोरूममधील माणूस व्याजाचा दर बहुधा ‘फ्लॅट’ सांगतो. आपण कापडात मीटरचा भाव विचारतो तेव्हा पन्हा किती हेही पाहतो. तसेच येथे आहे. फ्लॅट दर म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच मोजायचे.

हिशोब करून पाहू. ६ लाख रुपये, ५ वर्षे, ८ टक्के फ्लॅट. व्याज झाले २ लाख ४० हजार. एकूण ८ लाख ४० हजार, म्हणजे ६० हप्ते प्रत्येकी १४ हजारांचे. ऐकायला ८ टक्के स्वस्त वाटतात. परंतु दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे धरून, म्हणजे घटत्या बाकीवर, खरा दर काढला तर तो १४ टक्क्यांच्या थोडा वर जातो. दुसरीकडे एखादी बँक घटत्या बाकीवर ११ टक्के सांगते, तेव्हा तिचा हप्ता सुमारे १३ हजार ४६ रुपये येतो. म्हणजे ११ टक्केवाले कर्ज ८ टक्केवाल्यापेक्षा पाच वर्षांत ५७ हजारांनी स्वस्त पडते. म्हणून दर विचारून थांबू नये. हप्ता किती, हप्ते किती आणि एकूण परतफेड किती, हे तीन आकडे विचारावेत.

घटत्या बाकीवरही दर बदलला तर फरक पडतो. ९ टक्क्यांचे बोलणे झाले आणि करारात ११ टक्के आले, तर याच ६ लाखांवर महिन्याला सुमारे ५९० रुपये आणि पाच वर्षांत सुमारे ३५ हजार रुपये जास्त जातात.

याशिवाय प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, कर्जदाराच्या जीवनविम्याचा हप्ता, वाढीव वॉरंटी अशी रक्कम कर्जातच मिळवली जाते आणि त्यावरही व्याज लागते. गाडीचा विमा आवश्यक आहे, पण तो शोरूमने सांगितलेल्या कंपनीकडूनच घ्यावा असे बंधन नाही.

याबाबत रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या हातात एक चांगले साधन दिले आहे. १५ एप्रिल २०२४ च्या आदेशाने, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ‘मुख्य माहिती पत्रक’ देणे सक्तीचे झाले. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, सर्व आकार धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, हे त्यात लिहावे लागते. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी निर्णय घ्यायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या पत्रकात नसलेला आकार आपल्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हे पत्रक मराठीत मागावे, आणि सही करण्यापूर्वी घरी आणून आपल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला वाचायला द्यावे. आपल्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आहे. इंग्रजी करार वाचता येत नाही यात लाज नाही, पण न वाचता सही करण्यात नुकसान आहे.

आणखी एक गोष्ट. २९ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने सांगितले की काही संस्था पैसे प्रत्यक्ष देण्याच्या तारखेऐवजी मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावत असल्याचे तपासणीत आढळले. ही पद्धत चूक ठरवून जादा व्याज परत करण्यास सांगण्यात आले. तेव्हा शोरूमला पैसे कोणत्या तारखेला मिळाले हे विचारावे आणि खातेउताऱ्यावरची तारीख त्याच्याशी ताडून पाहावी.

चौथी अडचण: जुनी गाडी एक्सचेंजमध्ये दिली

जुना टेम्पो देऊन नवा घेताना शोरूमवाला म्हणतो, “जुन्याचे कर्ज आम्ही भरतो, तुम्ही काळजी करू नका.” आपण गाडी सोडून येतो. चार महिन्यांनी जुन्या फायनान्सवाल्याची नोटीस येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या गाडीच्या अपघाताचे समन्स येते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

म्हणून जुनी गाडी देताना कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा, हस्तांतराच्या फॉर्म २९ व ३० च्या प्रती ठेवाव्यात, आणि तारीख-वेळ लिहिलेली ताबा पावती घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांसाठी नियम आले आहेत. अशा डीलरला गाडी दिल्याचे परिवहन खात्याच्या पोर्टलवर कळवता येते. तो अधिकृत आहे का, हे आधी विचारावे.

पाचवी अडचण: गाडी खराब निघाली म्हणून हप्ता बंद

ही फार सामान्य चूक आहे. नवी गाडी वारंवार बंद पडते, शोरूम दाद देत नाही, म्हणून ग्राहक रागाने हप्ता थांबवतो. पण वर सांगितल्याप्रमाणे करार दोन आहेत. अमेरिकेत १९७६ पासून असा नियम आहे की विक्रेत्याविरुद्धची तक्रार ग्राहक ठरावीक मर्यादेपर्यंत कर्ज देणाऱ्याविरुद्धही मांडू शकतो. आपल्याकडे असा सरसकट नियम नाही. गाडीची तक्रार शोरूम आणि कंपनीकडे लेखी करावी, जॉबकार्डची प्रत्येक प्रत ठेवावी, आणि हप्ता मात्र चालू ठेवावा. हप्ता बुडाला की आपली खरी तक्रारसुद्धा थकबाकीदाराची तक्रार ठरते.

बँक बंद पडली तर कर्ज बुडते, असाही एक गैरसमज आहे. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला, हे जिल्ह्यातील सर्वांना माहीत आहे. परवाना रद्द झाला तरी कर्जदाराचे देणे संपत नाही. वसुलीचे काम अवसायकाकडे जाते, आणि कर्ज फिटल्यावर बोजा उतरवण्याचा दाखलाही तेथूनच घ्यावा लागतो.

कोरे चेक आणि जामीनदार

कर्जाच्या फाईलमध्ये सही केलेले कोरे चेक मागितले जातात. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपण होऊन दिलेल्या कोऱ्या चेकवर दुसऱ्याने रक्कम भरली, तरी तो देण्यापोटी दिला असे कायदा गृहीत धरतो. ते खोटे ठरवण्याचा बोजा आपल्यावर पडतो. चेक द्यावेच लागले तर नाव भरून, रेघ मारून द्यावेत आणि त्यांच्या नंबरांची पोच घ्यावी. चेक वटला नाही तर कलम १३८ खाली नोटीस येते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर फौजदारी खटला टळतो. बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याखाली तशीच कारवाई होऊ शकते. कर्ज नामंजूर झाले किंवा व्यवहार मोडला तर दिलेले चेक परत मागून घ्यावेत आणि आपोआप कपातीची परवानगी बँकेत लेखी रद्द करावी.

जामीन राहणारा बहुधा भाऊ, मेहुणा किंवा शेजारचा दुकानदार असतो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सावकार आधी कर्जदाराकडे जाईल आणि नंतर जामीनदाराकडे, असे बंधन नाही. आपल्यामुळे दुसऱ्याच्या घरी नोटीस जाऊ नये, याचे भान ठेवावे.

गाडी ओढून नेली तर

हप्ते थकले की यार्डची माणसे येतात. यात दोन्ही बाजू नीट समजून घ्याव्यात. सन २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ताकीद दिली की वसुलीसाठी गुंड पाठवता येणार नाहीत, कायद्याचाच मार्ग धरावा लागेल. सन २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयानेही जबरदस्तीने गाड्या ओढण्याला बेकायदा ठरवले. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातील हजारीबागेत ट्रॅक्टरच्या वसुलीच्या वेळी एका गरोदर स्त्रीचा मृत्यू झाला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली करण्यास मनाई केली. ती जानेवारी २०२३ मध्ये उठली. वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करू नये, धमकी व अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले.

पण म्हणून गाडी ओढताच येत नाही असे समजू नये. मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेशकुमार तिवारी या खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की हप्तेबंदी खरेदीच्या करारात थकबाकी झाली तर फायनान्सवाला करारानुसार गाडीचा ताबा घेऊ शकतो. नोटीस द्यावी लागेल की नाही, हेही करारावर अवलंबून असते. तेव्हा नोटीस आणि ताबा याबद्दलचे करारातील कलम आधीच वाचावे.

गाडी अडवली तर हातघाई करू नये. एजंटाचे ओळखपत्र आणि अधिकारपत्र पाहावे, गाडीतील मालाची यादी करून तिच्यावर सही घ्यावी, जबरदस्ती झाली तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. आणि मुख्य म्हणजे एखादा हप्ता चुकणार असे दिसताच आपण स्वतः शाखेत जाऊन मुदत मागावी. उसाचे पेमेंट लांबले की सोनईच्या बाजारात उधारी अडकते, हे येथल्या शाखाधिकाऱ्यालाही ठाऊक असते. दंडाबद्दलही नियम आहे. एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर दंड म्हणून जादा व्याजदर लावता येत नाही. वाजवी दंड आकार लावता येतो, पण त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

दाद कोठे मागावी?

पहिली तक्रार नेहमी त्याच बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ मध्ये एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र ही सोय बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्यांपुरती आहे. आपल्या जिल्ह्यात अनेकांची कर्जे पतसंस्थांची असतात. पतसंस्था सहकार कायद्याखाली येतात, त्यांची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करावी. पतसंस्थेला कलम १०१ चा वसुली दाखला मिळवता येतो, हेही विसरू नये.

शोरूमविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार करण्याची सोय झाली. म्हणजे शोरूम पुण्यात असले तरी सोनईचा माणूस आपल्याच जिल्ह्यात तक्रार लावू शकतो. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून पाहावी, काही प्रकरणे तेथेच मिटतात.

येथे व्यापाऱ्यांनी एक मेख लक्षात ठेवावी. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ धरला जात नाही. परंतु स्वतःच्या कामधंद्यातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिक्षाचे आणि स्वतः चालवायच्या ट्रकचे उदाहरण देऊन हे समजावले. म्हणून तक्रारीत स्पष्ट लिहावे की ही गाडी मी स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतली आहे.

शेवटचा हप्ता, शेवटचा कागद

शेवटचा हप्ता भरला की लोक निर्धास्त होतात. पण नोंदणी पुस्तकावरचा बोजा आपोआप उतरेल असे धरून चालू नये. फायनान्सवाल्याकडून ना-हरकत दाखला आणि सही केलेला फॉर्म ३५ घ्यावा, परिवहन कार्यालयात देऊन बोजा उतरवावा, आणि विमा पॉलिसीवरूनही त्याचे नाव काढावे. नाही तर पुढे गाडी विकताना अडचण येते, आणि गाडी चोरीस गेली तर विम्याचा पैसा आधी त्याच्या नावावर अडकतो.

व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहण्यासाठी आपले काही बांधव भिशी करून, नातलगांकडून उसने घेऊन किंवा विक्रेत्याशी ठरावीक किमतीवर मुदतीचा सौदा करून गाडी घेतात. तेथेही कागद लागतोच. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, ही शिकवण सूरह बकराच्या दीर्घ आयतीत आली आहे. आपल्या घरी ती वाचली जाते, पण सौदा भाऊबंदांत असला की लिहायचा संकोच वाटतो. तो सोडला पाहिजे.

थोडक्यात, गाडी आणण्यापूर्वी इतके कागद आपल्या पिशवीत असावेत: कोटेशन, मार्जिनची पावती, मंजुरीचे पत्र, मराठीतील मुख्य माहिती पत्रक, कर्जकराराची पूर्ण प्रत, डीओची प्रत, विमा पॉलिसी, विक्रीचा दाखला, दिलेल्या चेकची पोच, आणि गाडीवर लागलेला नंबर. यातील एक जरी कमी असेल तरी पेढे दोन दिवसांनी वाटावेत. आपण बिल्टी आणि बिल जुळल्याशिवाय कापडाची गाठ सोडवून घेत नाही. पाच-सात लाखांची गाडी घेताना तेवढीच सावधगिरी ठेवली, तर ती गाडी इन्शाअल्लाह धंद्याला बरकतच देईल.